परत आलेली पिशवी

प्रश्न असा आला आहे. मालवणच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या एका चर्चच्या युवक मंडळातली मुलगी लिहिते: 'उपवासकाळात आम्ही वर्गणी काढून साठ पिशव्या भरल्या. पाच किलो तांदूळ, दोन किलो गव्हाचं पीठ, तूरडाळ, तेल, साखर. दोन दिवसांत वाटून झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला गेलो तर चर्चच्या पायरीवर एक पिशवी, गाठसुद्धा न सोडलेली. खाडीकडच्या वाडीत एकटे राहणारे आजोबा ठेवून गेले होते. कोणी म्हणालं, म्हातारा माजलाय. कोणी म्हणालं, सोडून द्या, दुसऱ्याला देऊ. मला मात्र ते सुटत नाही. दयेच्या प्रत्येक कृतीमागचा माणूस पाहा, असं प्रवचनात ऐकतो. ते करायचं कसं?'

तू माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते. एकतीस वर्षं मी नर्स होते. पहिली बारा वॉर्डात, बाकीची घरोघर फिरून. आता निवृत्त आहे, पण आठवड्यातले दोन दिवस फिरणं सुटलेलं नाही. उपदेश फादर करतील. मी ड्रेसिंग करणारी बाई, त्या अंगानंच सांगते.

आधी पिशवीतलं सामान बघू. तुम्ही घेतलेले तांदूळ बहुधा दुकानातले पांढरे, म्हणजे सुरय. आपल्याकडचा सत्तरीच्या पुढचा एकटा पुरुष सकाळी दहाला पेज पितो, आणि पेज उकड्या तांदळाचीच. सुरय तांदळाची पेज त्याच्या लेखी आजाऱ्याची. गव्हाचं पीठ दिलंत. त्याच्या घरात पोळपाट-लाटणं आहे का? बायको असताना तिनं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, ती गेल्यावर तो पेजेवर आणि शेजारच्यांच्या एखाद्या भाकरीवर आला. तूरडाळ चुलीवर शिजायला तासभर लाकूड जाळायचं, त्यापेक्षा कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, तोंडाला लावायला सोलं नाहीतर सुको बांगडो असला की झालं. म्हणजे पिशवीतल्या पाच वस्तूंपैकी तेल आणि साखर एवढ्याच त्याच्या उपयोगाच्या, आणि साखरही, शुगर नसेल तर.

हे वाचून लगेच 'उकडे तांदूळ घेऊन जाऊ' असं ठरवू नकोस. मी त्या आजोबांना ओळखत नाही. त्यांनी पिशवी परत का केली, याची निदान चार कारणं मला इथे बसून सुचतात, आणि खरं कारण कदाचित पाचवं असेल. मुलगा मुंबईला असेल आणि 'बापूस चर्चची पिशवी घेता' हे त्याच्या कानावर जाऊ नये असं वाटत असेल. पिशवी देताना कोणी मोबाईल वर धरला असेल. आयुष्यभर तेच दुसऱ्याला देत आले असतील. मला सांगायचंय ते इतकंच की साठ घरांची यादी करताना तुमच्याकडे एक रकाना होता, 'गरजू', आणि त्या रकान्यात नाव टाकलं की माणूस संपला.

हे मी वर बसून बोलत नाही. वॉर्डात असताना मी हेच केलं, वर्षानुवर्षं. आम्ही पेशंटला खाटेच्या नंबरानं ओळखायचो. 'सात नंबरचं ड्रेसिंग झालं का?' त्यात काही वावगं वाटत नसे, कारण नाव दोघांचं एक असू शकतं, नंबर दोघांचा एक नसतो. तर एकदा सात नंबरवर शुगरचा पाय घेऊन एक गृहस्थ आले. तळव्याला फोड, त्याचा झालेला व्रण, दोन बोटं आधीच काढलेली. मी रोज जायची, पट्टी सोडायची, सलाईननं धुवायची, मेलेली कातडी काढायची, नवी पट्टी बांधायची आणि सांगायची, 'अनवाणी चालू नका.' चौथ्या दिवशी मी दारातून ओरडले, 'सात नंबर, पाय वर घ्या.' ते शांतपणे म्हणाले, 'सात नंबर खाटीचो गो. माझो न्हय.'

मी ओशाळले आणि पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले. तेव्हा कळलं की हे रापणीचे तांडेल, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे म्होरके. पन्नास वर्षं वाळूत उभं राहून दोर ओढलेला माणूस. भर दुपारी तापलेल्या वाळूत रापण लागली की ते अनवाणी धावत जाणार. शुगरनं पायाची संवेदना गेली होती, त्यामुळे वाळूचा चटका कळत नव्हता, फोड कळत नव्हता, घरी आल्यावर बायकोला चटईवर डाग दिसला तेव्हा कळलं. आणि मी त्यांना 'चप्पल घाला' सांगत होते! ओल्या वाळूत चप्पल घालून रापणीचा दोर ओढता येतो का? पाय घसरतो, चप्पल रुतते. मग आम्ही दोघांनी बसून उपाय काढला: घट्ट बांधता येणारे कॅनव्हासचे बूट, आत शिवण टोचणार नाही असे, दुपारची ओढ बंद, आणि रोज रात्री बायकोनं कंदील धरून तळवा बघायचा. तो व्रण भरला. औषध आधी होतं तेच होतं.

म्हणून 'माणूस पाहा' ही मला नुसती भक्तीची गोष्ट वाटत नाही. तो पाहिला नाही तर उपचारच चुकतो. गव्हाचं पीठ आणि 'चप्पल घाला' या एकाच जातीच्या चुका.

आता शास्त्रातलं थोडं, कारण तू प्रवचनाचा उल्लेख केलायस. चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला तुला पाठ असेल, लूकच्या दहाव्या अध्यायातला. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटला गेला, अर्धमेला पडला. त्या वाटेनं याजक आला, मग लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक आला, मग शोमरोनी, यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. आपण म्हणतो, पहिल्या दोघांनी पाहिलं नाही. पुन्हा वाच. तिघांनीही त्याला 'पाहिलं', हा शब्द तिघांच्याही बाबतीत आहे. शोमरोन्याच्या बाबतीत त्यापुढे आणखी एक शब्द येतो: कळवळा आला. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे, आणि आपल्या भाषेला हे समजावून सांगावं लागत नाही. आपली आई म्हणतेच, 'आतडं तुटतं गो माझं.' याजकाला पडलेला माणूस दिसला, आतड्यापर्यंत काही गेलं नाही.

त्याच दाखल्यात मला नेहमी आवडणारी एक बारीक गोष्ट आहे, प्रवचनात ती क्वचितच येते. शोमरोनी रात्रभर थांबला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कामाला गेला. दोन दिनार उतारशाळेच्या मालकाला दिले आणि म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन. म्हणजे त्यालाही धंदा होता, ठरलेली वाट होती. त्यानं सगळं सोडून तिथे आश्रम काढला नाही. पण 'परत येताना' हे शब्द त्यानं उच्चारले. तुमच्या साठ पिशव्यांत तेच नव्हतं. तुम्ही परत जाणार नव्हता.

परत जाण्यानं काय होतं, ते मला २०२१ साली कळलं. १६ मेला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. रविवार होता, कोविडमुळे चर्चला कुलूप. चौथ्या दिवशी आम्ही तिघी वाटा मोकळ्या करत एका वाडीत पोचलो. माझ्या हातात वही, रकाने आखलेले: कौलं, पत्रे, ताडपत्री, धान्य, पडलेले माड. एका घराचं अर्धं छप्पर उडालेलं. दारात एक बाई उभी. मी विचारलं, 'किती कौलं गेली?' ती म्हणाली, 'असतील दोन-अडीचशे.' मी लिहिलं. 'माड?' 'चार.' लिहिलं. 'ताडपत्री लागेल?' 'लागात.' लिहिलं आणि पुढच्या घरी.

आठ दिवसांनी ताडपत्री घेऊन गेले तर ती आत बसलेली, उठलीच नाही. शेजारणीनं कानात सांगितलं, वादळाच्या नऊ दिवस आधी हिचा नवरा कोविडनं गेला. तालुक्याच्या गावी दवाखान्यात, तिकडेच सगळं उरकलं. घर बंद करून ठेवलेलं, कोणी भेटायला आलं नाही. कोणी येऊन रडलं नाही म्हणून तीही रडली नाही. महामारी लागल्यापासून तिच्या दारात आलेली पहिली बाहेरची बाई मी, आणि मी तिला विचारलं काय, तर कौलं किती गेली.

त्या दिवशी मी ताडपत्री बांधून घेतली नाही. बसले. संध्याकाळपर्यंत बसले. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही, फारसं बोललेच नाही.

मार्कच्या आठव्या अध्यायात बेथसैदा गावच्या आंधळ्याची गोष्ट आहे. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणाऱ्या झाडांसारखी. मग येशू दुसऱ्यांदा हात ठेवतो, तेव्हा त्याला सगळं स्पष्ट दिसतं. शुभवर्तमानांत येशूच्या हातून दोन टप्प्यांत बरा झालेला हा एकच माणूस. विद्वानांनी त्यावर पुष्कळ लिहिलंय. मला त्या वाडीतून परत येताना एवढंच कळलं की पहिल्या फेरीला मलाही माणसं झाडांसारखीच दिसली होती. खरं तर मी झाडंच मोजत होते. चार माड.

तेव्हापासून माझा नियम आहे, पहिल्या भेटीवर विश्वास ठेवायचा नाही. पहिल्या भेटीत लोक तुम्हाला तुमच्या वहीत बसेल तेच सांगतात. कौलं विचारलीत तर कौलं सांगतात. हे ते खोटं बोलतात म्हणून नाही, तुम्ही पाहुणे आहात आणि पाहुण्याला जे हवं ते द्यायची आपल्याकडे रीत आहे म्हणून.

ही पद्धत काही मी शोधलेली नाही. तुमच्या चर्चमध्ये विन्सेंट दी पॉल सोसायटी, म्हणजे गरिबांना मदत करणारी मंडळी, असेल तर तिचं मूळ बघ. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा कॉलेजकुमार आणि त्याचे मित्र यांनी ती सुरू केली. त्या वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी या पोरांना हाताला धरून गरिबांच्या घरात नेलं. नेम असा ठरला की दोघांनी मिळून जायचं, ठरावीक घरी, पुन्हापुन्हा, आणि आठवड्याला एकत्र बसून त्या घरांविषयी बोलायचं. पाव किंवा लाकूडफाट्याची चिठ्ठी हे घरात शिरायचं निमित्त. पुढे झालं असं की बऱ्याच ठिकाणी निमित्त वाढत गेलं आणि भेट आटली. आज कित्येक पॅरिशमध्ये लोकांना चर्चच्या दारात रांगेत बोलावून सामान दिलं जातं, कारण ते सोयीचं. सोयीचं आहे खरं. साठ घरं फिरण्यापेक्षा रांग लावणं सोपं. मग साठ घरं करू नका, सहा करा. कमी घरं म्हणजे कमी दया, असं तुमच्यापैकी कोणी म्हणेल. म्हणू दे.

आणि विचारा. येशूनं बर्तीमयाला, रस्त्याच्या कडेला बसलेल्या आंधळ्या भिकाऱ्याला, विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं हे कोणालाही कळलं असतं. तरी विचारलं. मी हे करू लागले तेव्हा उत्तरं अशी आली की ऐकून थक्क व्हावं. एका म्हाताऱ्या कोळणीला रेशन हवंच नव्हतं, रेशनकार्ड होतं. तिचं दुखणं असं की जन्मभर मासळी साफ करून, मीठ चोळून अंगठ्याच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या आणि रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नव्हता. दर महिन्याला ती रिकाम्या हातानं परत. आमच्यातल्या एका मुलानं तिच्यासोबत तीन फेऱ्या मारल्या, आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं घेतले, आणि काम झालं. खर्च रिक्षाचा. दुसऱ्या एका आजींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार मिळायचे ते बंद झाले होते, कारण हयातीचा दाखला द्यायला तलाठी ऑफिसपर्यंत कोण नेणार? तिसरा म्हणाला, 'माका काय नको. फक्त संध्याकाळी कोणीतरी येऊन माझी नखां कापा.' पाठीचा कणा वाकलेला, हात पायापर्यंत पोचत नव्हता, आणि सुनेला सांगायची लाज. पायाची नखं कापताना मी त्याचा तळवा हातात घेतला, तर माणूस तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसला. किती वर्षांनी कोणी पायाला हात लावला होता, कोण जाणे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. विचारल्यावर कधीकधी 'नको' असं उत्तर येतं, आणि तेही उत्तरच असतं. पिशवी पायरीवर ठेवून गेलेल्या आजोबांनी तुम्हाला अख्ख्या वाडीतलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर दिलंय. बाकी एकोणसाठांत गव्हाचं पीठ कोंबड्यांना घालणारे किती असतील?

देण्याची आपल्याकडची एक जुनी रीत तुला माहीत असेल, पण तिच्याकडे या नजरेनं बघितलं नसशील. रापण लागली की किनाऱ्यावर जो दोराला हात लावेल त्याच्या पदरात मासळी पडते. विधवा असो, शाळकरी पोर असो, कंबर मोडलेला म्हातारा असो. म्हातारा काय ओढणार? दोर धरून उभा राहतो, एवढंच. पण घरी जाताना त्याच्या हातात चार बांगडे असतात, ते त्याचा वाटा म्हणून असतात. माझे ते सात नंबरचे तांडेल, पाय बरा झाल्यावर दोर सोडून वाटे घालायच्या कामाला बसू लागले. ते सांगायचे, ज्याच्या घरात चूल थंड आहे त्याला आम्ही मुद्दाम हाक मारतो, 'ये रे, दोराक हात लाव!' दोराला हात लावल्याशिवाय मासे दिले तर तो घेणार नाही, आणि घेतले तर उद्यापासून किनाऱ्यावर यायचा बंद होईल. तुमच्या युवक मंडळाला आजोबांकडून काय शिकता येईल, काय मागता येईल, ते शोधा. जाळं विणता येतं का त्यांना? चर्चच्या फेस्ताला सुतळीची कामं असतातच.

आता दुसरी बाजू. देणाऱ्याच्या मागेही माणूस असतो, आणि मंडळं मोडतात ती बहुधा तो न पाहिल्यामुळे.

आमच्यात एक बाई होत्या. जे काही द्यायचं ते त्या अंधार पडल्यावर, मागच्या दारानं देऊन यायच्या. सोबत कोणाला नेत नसत. आम्ही आपसांत म्हणायचो, हिला सगळं पुण्य एकटीला पाहिजे. सात-आठ वर्षांनी, आम्ही दोघी कोणाच्या तरी घरून पायी परत येत होतो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. त्या लहान असताना चर्चच्या आवारात अमेरिकन दुधाची भुकटी वाटायचे. आई आजारी, म्हणून डबा घेऊन ही रांगेत. वाटणाऱ्या माणसानं सगळ्या वर्गासमोर विचारलं, 'काल पण तूच आली होतीस ना?' आली नव्हती. डबा तिथेच टाकून पळाली. 'त्यानंतर मी दूध प्यायले नाही,' त्या म्हणाल्या. आणि खरंच, आमच्या सगळ्या सभांत त्या काळा चहा घ्यायच्या. आम्हाला वाटायचं, पित्त असेल.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, हे आपण शाळेत वाचतो. त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी, सोळाच्या आसपास वय असताना, अन्नान्न करत फिरण्याच्या काळात त्यांचे आईवडील गेले होते, हे त्याच्याशी जोडून वाचत नाही. त्या मुलींमध्ये त्यांना कोण दिसत असेल, मी सांगायला नको.

आणि यापो गावची टबीथा, जिला दुर्कस म्हणतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात आहे. यापो आपल्यासारखंच बंदराचं गाव. ती मरते, पेत्र येतो, आणि विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहून तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवतात. शास्त्रात तिचं एकही वाक्य नाही. आहेत ते नुसते कपडे, आणि ते अंगावर घालणाऱ्या बायका. कपडे गठ्ठ्यानं वाटले असते तर तिच्या मरणाला असं कोणी आलं असतं का, असं माझ्या मनात येतं. माप घेऊन शिवले असणार.

तुमच्या मंडळात फोटो काढणारा एक मुलगा असेलच. त्याला सगळे झापतात, मीही झापलं असतं, कारण पिशवी घेणाऱ्याचा फोटो काढू नये यात दुमत नाही. डाव्या हाताला कळू नये हे येशूनं सांगितलं तेव्हा कॅमेरा नव्हता, तरी सांगितलं. पण झापण्याआधी त्याला एकदा बाजूला घे. आमच्याकडच्या अशा एकाशी मी बोलले तर कळलं की नोकरी नाही, बाप रोज विचारतो दिवसभर काय करतोस, आणि ते फोटो तो बापाला दाखवतो. त्याला आम्ही सामानाचा हिशोब दिला. वही घेऊन बापासमोर बसतो आता. फोटो आपोआप थांबले.

एक अवघड विषय टाळून चालणार नाही. आजोबा आपल्या चर्चचे आहेत की नाहीत, हे तू लिहिलेलं नाहीस. नसतील तर पिशवी परत येण्याचं एक कारण भीती असू शकतं. 'आज तांदूळ देतत, उद्या बाटवतीत' हे वाड्यांत बोललं जातं, आणि ते ऐकून रागावून उपयोग नाही. आम्ही आमच्यापुरता दंडक घातलाय: सामानाच्या पिशवीवर क्रूस नाही, आत पत्रक नाही, घरात प्रार्थना मागितल्याशिवाय नाही. कोणी विचारलं की तुम्ही का येता, तर खरं सांगायचं, आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून येतो. त्यापुढे एक शब्द नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात 'मला भूक लागली होती, तुम्ही खायला दिलं' असं येशू म्हणतो. लक्षात घे, जेवायला घालणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं की तो येशू आहे. 'प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?' असं ते उलट विचारतात. त्यांना भुकेला माणूसच दिसला होता. काही भाविक मंडळी म्हातारीच्या तोंडाकडे न बघता तिच्यात ख्रिस्त शोधतात. म्हातारीला ते बरोबर कळतं.

आणि हेही आहे की जवळून पाहिलेला माणूस नेहमी चांगला निघत नाही. ज्या ताडपत्रीवरून आमची तीन भांडणं झाली ती ताडपत्री एकानं दारूसाठी विकली. पुन्हा दिली, पुन्हा विकली. तिसऱ्यांदा आम्ही दिली नाही, त्याच्या आईच्या खोलीवर आमच्या मुलांनी स्वतः चढून पत्रा मारला. त्याच्याशी बोलणं सोडलं नाही, पैसे किंवा वस्तू हातात देणं सोडलं. एक आजी मला दर वेळी शिव्या घालायच्या. शेवटपर्यंत घातल्या. त्यात काही गूढ नव्हतं, त्या तशाच होत्या. मी बेडसोर बघायचे, पाठ पुसायचे, कूस बदलून द्यायचे आणि निघायचे. घरी आल्यावर कधी रडूही यायचं. तुमच्यातलं कोणी असं थकलं तर त्याला दोन महिने सुट्टी द्या, आणि त्या काळात त्याच्या घरी जाऊन या.

आता तुझे आजोबा. शनिवारी दुपारी चारनंतर जा, ऊन उतरल्यावर. दोघं जा, त्यातलं एक वाडीतलं ओळखीचं असेल तर बरं. पिशवी नेऊ नकोस, काहीच नेऊ नकोस, रिकाम्या हातानं जायला लाज वाटेल ती वाटू दे. अंगणातून हाक मार, नाव घेऊन. नाव माहीत नसेल तर जायच्या आधी विचारून घे, साठ जणांच्या यादीत ते असेलच. पिशवीचा विषय तू काढायचा नाहीस. पडवीत बस म्हणाले तर बस, नाही म्हणाले तर पायरीवर टेक. 'आमचं चुकलं' एवढं सुरुवातीला म्हणालीस तरी चालेल, पण त्याचं कीर्तन नको. चहा दिला तर घे. बिनदुधाचा असेल, साखर जास्त असेल, कपाला कान नसेल, तरी पूर्ण पी. त्या घरात त्या दिवशी ते देणारे असतील आणि तू घेणारी.

निघताना 'पुढच्या शनिवारी येऊ का?' असं विचार. हो म्हणाले आणि पाऊस पडला, तर छत्री घेऊन जा, पण जा.